मामांची मुक्कामी गाडी

माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावे याविषयी आमच्या घराण्यात काही ठरलेल्या कल्पना आहेत. कोणी घरावर मजला चढवतो, कोणी शेगावला सेवेकरी म्हणून जातो, आणि ज्याला काहीच जमत नाही तो शेजाऱ्यांच्या भांडणात पंच होतो. माझ्या मामांनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी एक जुनी बस विकत घेतली. त्यानंतर चिखलीच्या त्यांच्या घरात मामींनी तीन दिवस अबोला धरला होता.

मामा 31 वर्षे एस.टी.चे ड्रायव्हर होते, आणि त्यांतली निम्मीशिम्मी वर्षे मुक्कामी गाडीवर. मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना सांगायला हवे. संध्याकाळी तालुक्याहून शेवटची गाडी आडगावी जाते आणि रात्री तिथेच थांबते. पहाटे तीच गाडी पहिली म्हणून परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गाडीतच पथारी टाकतात. कंडक्टर पैशांची पिशवी उशाशी घेतो, ड्रायव्हर मागच्या लांब बाकावर आडवा होतो, आणि उन्हाळ्यात दोघेही टपावर चढतात. तेव्हा जुन्या बसचे घर करायचे म्हणून शहरातले लोक हल्ली जे कौतुक करतात, ते मामांना नवे नव्हते. त्यांच्या मते बस हे घरच होते. फक्त त्यात चूल नव्हती आणि मामी नव्हत्या.

मामींचे म्हणणे निराळे होते. चौथ्या दिवशी अबोला सुटला तो असा : “जलमभर थे गाडी माही सवत व्हती. आता सवतीच्याच पोटात राह्याले नेता का मले?”

मामांना खरे तर एस.टी.चीच गाडी हवी होती. ते जमण्यासारखे नव्हते. 1 एप्रिल 2023 पासून सरकारच्या आणि सरकारी महामंडळांच्या 15 वर्षे उलटलेल्या गाड्यांची नोंदणी चालत नाही. त्यांना मोडीचा रस्ता धरावा लागतो. ज्या एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला लाकडी सांगाड्याने आणि काथ्याच्या बैठकींनी धावली, आणि जिने 1961 साली विदर्भातली सरकारी बससेवाही आपल्या पोटात घेतली, तिच्या म्हाताऱ्या गाड्यांचा शेवट वितळण्यात व्हावा याचे मामांना वाईट वाटे. अखेर एका शाळेने विकायला काढलेली 11 वर्षांची पिवळी बस त्यांनी घेतली. घाटाखाली चाललेली गाडी, त्यामुळे पत्रा कमी गंजलेला, हे त्यांचे समर्थन. बुलढाणा जिल्ह्यात कोणत्याही गोष्टीचा पत्ता आधी ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ असाच विचारतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, तापलेली माती खाली; आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर वर.

मी पुण्याहून रेल्वेने मलकापूरला उतरून, मोताळ्यावरून राजूरचा घाट चढून चिखलीला पोचलो, तेव्हा बसच्या पोटात एकही बाक शिल्लक नव्हता. सुतार आणि मामा यांचे मात्र कडाक्याचे भांडण चालू होते. सुतार स्क्रू मारीत होता. मामा ते काढून नट-बोल्ट लावायला सांगत होते, आणि प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर. “तुझे घर जागचे हलत नाही. माझे घर सगळ्या खड्ड्यांतून जाणार आहे,” असे मामा म्हणाले. सुतार निरुत्तर झाला, पण पटल्यासारखा दिसला नाही.

आधी परवानगी, मग करवत, असा मामांचा नेम होता. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर परिवहन कार्यालयाची संमती आधी लागते. नोंदणीच्या पुस्तकावर बसची चालती-फिरती निवासगाडी होते आणि रंग बदलला तर तोही नोंदवावा लागतो. या कागदांत पाच महिने गेले. पण त्या पाच महिन्यांत मामांनी विचारही भरपूर केला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटला.

पाण्याचेच घ्या. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो वजन. हौशी माणूस टाकी सोयीची म्हणून मागच्या टोकाला बसवतो. मग चाकांमागे लटकलेल्या त्या वजनाने गाडीचे तोंड हलके पडते आणि घाटात स्टेअरिंग दगा देते. मामांनी टाकी खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये घेतली. गॅसची टाकी त्यांनी बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ठेवली आणि कप्प्याच्या तळाला भोके पाडली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तो खाली साचतो, आणि खाली वाट असली तर निघून जातो. छताला आतून उष्णता अडवणारा थर, त्यावर प्लायवूड आणि बाहेरून पांढरा रंग. टपावर सूर्याच्या विजेचे दोन तक्ते. न्हाणीघराबद्दल मात्र मामी ठाम होत्या : गाडीत तसले काही नको. तेव्हा मी त्यांना सांगितले, की पुण्यात 2016 पासून आख्ख्या जुन्या बसगाड्यांची बायकांसाठी स्वच्छतागृहे झाली आहेत. यावर मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघर दोन फूट लांब झाले.

खरा पेच पडला तो मागच्या बाजूला. गाडीच्या पाठीला संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा असतो. नेमक्या त्याच जागी मामींना देवघर आणि डब्यांची मांडणी हवी होती. मामांनी साफ नाही म्हटले. मामी रुसल्या : माझे म्हणून या गाडीत काय आहे मग? मामा हातातला पाना खाली ठेवून पायरीवर बसले आणि हळू आवाजात सांगू लागले. 1 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्यापाशी नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. 25 माणसे गेली. “डाव्या अंगावर पडली होती,” मामा म्हणाले. “दार खाली गेलं. जे वाचले ते काचा फोडून निघाले.” आपल्याच जिल्ह्यातली ती बातमी मामींनीही तेव्हा वाचली होती. त्या उठल्या आणि मसाल्याचा डबा त्यांनी स्वतःच पुढच्या फळीवर नेऊन ठेवला. देवघर ड्रायव्हरच्या पाठीशी आले.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही तिघे निघालो. रानात कापूस फुटलेला, तुरी शेंगांवर आलेल्या. पहिला मुक्काम मेहकरला. पैनगंगेच्या काठचे हे जुने गाव. 1888 साली जमिनीखाली सापडलेली शारंगधर बालाजीची मूर्ती इथे आहे. तिचे दर्शन घेऊन आलो. गाडी उभी करताना मामांनी ओट्यावर ताटभर पाणी ठेवले, आणि ते एका काठाकडे धावते असे पाहून चाकाखाली फळ्या सारल्या. कारण गाडी कलती असली तर तव्यावरचे तेल एका बाजूला जाते आणि झोपलेल्या माणसाचे रक्त डोक्यात उतरते. इतके करूनही मामी झोपल्या नाहीत. “कूस बदलली की घर हालते बापा,” असे सकाळी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लोणार. या सरोवराविषयी इतके लिहिले गेले आहे, की मी थोडक्यात आटोपतो. उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेला जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा, त्यात खारे पाणी. ते जून 2020 मध्ये एकाएकी गुलाबी झाले होते. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती करणी निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर पाणथळ म्हणून त्याला जागतिक मान मिळाला. मामींचे गुडघे दुखत असल्याने त्या खाली उतरल्या नाहीत. पण दैत्यसूदनाच्या देवळाच्या भिंतींवरचे कोरीवकाम त्यांनी तासभर पाहिले, आणि गाडीत परतून चहा ठेवला. देऊळ पाहून दहा मिनिटांत आपल्याच भांड्यातला चहा, हे सुख त्यांना प्रथम तिथे कळले असावे. केरळच्या एस.टी.ने मुन्नारला 2020 सालीच जुन्या बसमध्ये प्रवाशांच्या झोपण्याची सोय केली, हे मी त्यांना पुन्हा ऐकवले. या खेपेला त्यांनी किती पैसे पडतात ते विचारले.

मग सुलतानपूर, बिबी, दुसरबीड करीत सिंदखेडराजा. जिजाऊंचे जन्मस्थान, लखुजीराव जाधवांचा वाडा, त्यांची समाधी पाहून झाली, आणि मामांनी गाडी मोठ्या रस्त्यावरून आत वळवली. कुठे, ते सांगेनात. तासाभराने एका लहान गावाच्या पारापाशी, कडूलिंबाखाली त्यांनी गाडी उभी केली. इथे त्यांनी सलग चार वर्षे मुक्कामी गाडी आणली होती.

अंधार पडल्यावर वळणावर दिवे दिसले. मामा ताडकन उठले आणि आमची गाडी उलटी घेऊन शाळेच्या भिंतीशी लावली. मामींनी विचारले, तेव्हा म्हणाले, “लिंबाखालची जागा मुक्कामी गाडीची.” एस.टी. आली, नेमकी त्या जागी थांबली. पाच-सात माणसे उतरली. ड्रायव्हर पोरसवदा होता. कंडक्टर बाई नव्हती, बाप्याच होता, नाहीतर मामींनी तिला रात्री आमच्याकडेच झोपायला आणले असते. दोघांनाही त्यांनी झुणका-भाकरीला बोलावले.

एवढ्यात काठी टेकीत एक म्हातारी आली. तिने मामांना आवाजावरून ओळखले. तिचा मुलगा तालुक्याला शिकत असताना त्याचा डबा रोज सकाळी मामांच्या गाडीतून जाई. मग तिने मामींकडे निरखून पाहिले.

“तूच का गं थे लोनच्यावाली?”

मामींना काही कळेना. म्हातारीने खुलासा केला. डायवर भाऊ लोणच्याची बरणी आणायचे. पारावर जो जेवायला बसेल त्याला फोड वाढायचे आणि म्हणायचे, आमच्या घरच्या हातची आहे. एकदा मीठ जास्त पडले होते, तेही तिला आठवत होते. मामा गाडीच्या चाकाकडे पाहू लागले. चाकाला काही झाले नव्हते.

त्या रात्री मामी झोपल्या, की नुसत्या पडून होत्या, मला माहीत नाही. मी उठलो तेव्हा सहा वाजायचे होते, आणि गाडीच्या पायरीवर उभ्या राहून त्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या हाती चहाचे पेले देत होत्या. एका पुड्यात त्यांनी लोणचेही बांधून दिले. सव्वासहाला एस.टी. सुटली. दोन शाळकरी पोरे धावत आली, गाडी थांबली, पुन्हा निघाली. धूळ खाली बसेपर्यंत मामी तिथेच उभ्या होत्या.

आम्हांला त्या दिवशी देऊळगावराजाला बालाजीच्या दर्शनाला जायचे होते. मामांनी चाकाखालचे दगड काढायला घेतले.

“जागा मोकळी झाली न आता?” मामी म्हणाल्या. “मंग घ्या आपली गाडी लिंबाखाली.”