मुख्याध्यापिकेचे ब्लडप्रेशर

आम्ही माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकलो. हेडमास्तर व्हरांड्यातून येताना दिसले की आमच्या पोटात गोळा उठे. त्यांच्याही पोटात कोणामुळे गोळा उठत असेल, हे त्या वयात कुठले सुचायला! ते कळले इकडे इस्राएलात, नेगेवमधल्या एका गावात शाळेची नर्स म्हणून काम करू लागल्यावर.

लसी टोचणे, मुलांची उंची-वजने घेणे हे आमचे काम. पण दार लोटून घेऊन, बाही वर सारून मुकाट्याने खुर्चीत बसणारी आणखी एक पेशंट होती. ती आमची मेनाहेलेत, म्हणजे मुख्याध्यापिका.

इथे प्राथमिक शिक्षकांचा पगार सरकारचे शिक्षणखाते देते, पण इमारत, डागडुजी, झाडलोट सारे इरियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या हाती. १९७८ पासून नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो. तेव्हा प्रत्येक आईबाप म्हणजे दोन मते! २०१३ च्या निवडणुकीआधी एका नगरसेवकाचा निरोप आला, माझ्या भाच्याला अमक्याच वर्गात घ्या. वर्ग भरलेला होता. बाई नाही म्हणाल्या. झाले, गच्ची दुरुस्त करणारा माणूस सारा पावसाळा फिरकला नाही. वर्गात बादल्या ठेवून मुले शिकली. प्रेशर १७० च्या खाली उतरेना.

पूर्वी ठामपणे बोलणारी ही बाई पुढे साधी सहल ठरवायची तरी आधी इरियात फोन करून विचारू लागली. पहिलीच्या मुलांना रोज सकाळी फाटकाशी उभे राहून नावाने हाक मारायचे मात्र तिने सोडले नाही. अखेर २०१६ साली मुदतीआधीच निवृत्त झाली.

दोष नगरसेवकांना देणे सोपे आहे. पण वाचकहो, २०१२ च्या रोश हशानाला आम्ही पतिपत्नी चिकाच्या हलव्याचे ताट घेऊन अशाच एकाच्या घरी गेलो होतो. शाळा सुरू होऊन जवळजवळ तीन आठवडे झाले होते आणि आमच्या नातीला आमच्याच शाळेत जागा हवी होती. आपल्याच शाळेत असून बाईंना सरळ विचारायचा आम्हाला संकोच वाटला! त्याने हलवा चाखला, आमच्यासमोरच फोन लावला, आणि नातीला जागा मिळाली.

त्याच आठवड्यात बाई पहिल्यांदा आमच्या खोलीत येऊन त्या खुर्चीत बसल्या होत्या.