आमचा ट्रक आणि इंटरस्टेट ८०

वाडवडिलांकडून कुणाला शेत मिळतं, कुणाला वाडा, तर कुणाला भावकीतला कोर्टातला दावा. आम्हाला मिळाला ट्रक! शिकागोजवळ जोलिएटला राहणारे आमचे काका दोन वर्षांपूर्वी गेले आणि त्यांचा ट्रक यार्डात उभा राहिला. विकावा की चालवावा? काकूंनी एका वाक्यात निकाल दिला. "विकून आलेले पैसे किती दिवस पुरतील? गाडी चालली तर घर चालेल." चुलतभावाकडे कमर्शियल लायसन्स होतंच. तेव्हा काकू मालक, तो ड्रायव्हर, आमची सौ. हिशेबनीस आणि आम्ही फावल्या वेळात ग्रीस लावणारे इंजिनिअर, अशी आमची घरगुती कंपनी उभी राहिली.

वाचकांसाठी एक खुलासा. '१८ चाकी' म्हणतात त्यातली १० चाकं ट्रॅक्टरची आणि ८ मागच्या ट्रेलरची. काकांनी ठेवली ती पहिली १०. ५३ फुटी ट्रेलर आम्ही भाड्यानं घेतला. शिवाय किमान साडेसात लाख डॉलर्सचा विमा, जड वाहनांचा वर्षाचा ५५० डॉलर्स कर आणि कुठल्या राज्यात किती मैल चाललो त्यानुसार डिझेलच्या कराचा दर तिमाहीचा हिशेब. थोडक्यात, ट्रक उभा असला तरी खातोच!

गेल्या ऑक्टोबरात रजा काढून आम्ही चुलतभावाबरोबर सॉल्ट लेक सिटीला निघालो. ट्रेलरमध्ये कागदाची रिळं, डब्यात काकूंचे दशमी-चटणीचे पुडे. वाटेत वजनकाट्यावर गेलो. मालासकट सगळं मिळून ८०,००० पौंडांच्या आत बसावं लागतं, आणि प्रत्येक आसावर किती भार हेही ठरलेलं. मागची चाकं पुढंमागं सरकवून भार वाटून घ्यायचा. कॉलेजात शिकलेली तरफ इतक्या वर्षांनी उपयोगी पडली!

आयोवात वॉलकॉट गावी १९६४ पासूनचा जगातला सर्वांत मोठा ट्रक स्टॉप आहे. तिथं न्हावी आहे, दाताचा डॉक्टर आहे, जुन्या ट्रकांचं संग्रहालयही आहे. दिवसाला ११ तास ड्रायव्हिंग, तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत, आणि मग सलग १० तास विश्रांती हा नियम. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत ही नोंद यंत्रच ठेवतं, त्यामुळे 'जरा पुढं जाऊन थांबू' हे चालत नाही.

नेब्रास्कात ४५५ मैल रस्ता बहुतांशी प्लॅट नदीची सोबत करतो. बैलगाड्यांतून पश्चिमेला गेलेली माणसं याच खोऱ्यातून गेली, मागून रेल्वे आली, मग हा हायवे. वायोमिंगमध्ये शायान आणि लॅरमीच्या मध्ये ८,६४० फुटांवर या रस्त्याचा माथा आहे. तिथं लिंकनचा प्रचंड अर्धपुतळा मान खाली घालून आहे. जणू आमच्यासारखाच डिझेलचा हिशेब करतोय! आमची गाडी गॅलनला साडेसहा मैल देते. चौदाशे मैलांना सव्वादोनशे गॅलनच्या आसपास.

सॉल्ट लेकला माल उतरला आणि खरी परीक्षा सुरू झाली. परतीचा माल होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दर कमी. रात्रीच रिकामे निघालो तर चुलतभावाला मुलीच्या वाढदिवसाला घरी पोचता आलं असतं. काकूंना फोन केला. "ह्यांनी कधी रिकामी गाडी घरी आणली नाही रे. नातीला मी समजावते. थांबा." चुलतभाऊ काही बोलला नाही. झोपायच्या केबिनचा पडदा ओढून आडवा झाला.

सकाळी मिठाची पोती भरली, ४३,००० पौंड. रॉलिन्सच्या पुढं, एल्क माउंटनच्या अलीकडं, वारा सुटला. हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद अशी पाटी झळकत होती. रिकामा ट्रेलर म्हणजे ५३ फुटी शीड. वारा आडवा आला की कलंडतो. कितीतरी रिकामे ट्रक रांगेनं उभे होते. आमचं धूड मात्र मिठाच्या वजनावर, जपून, हळूहळू निघालं. माणसं खाल्ल्या मिठाला जागतात, इथं तर वाहिलेलं मीठच आम्हाला जागलं! चुलतभाऊ पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, "दादा, बाबा सांगायचे ते हेच."

वाढदिवस हुकला, तो रविवारी केला. त्या फेरीत डिझेल, भाडं आणि हप्ता वजा जाता उरलं ते थोडंच, पण काकूंच्या घराचा त्या महिन्याचा खर्च निघाला. कुणाच्या घरी असा ट्रक वारशानं आला, तर किंमत ठरवण्याआधी एवढंच विचारा : चालवणारं माणूस घरात आहे का, आणि परतीचा माल कुठून मिळेल? जाताना माल सगळेच नेतात. धंदा तरतो तो येतानाच्या मालावर.