आधी माणूस मोजा, मग ओटा

कर्वेनगरातल्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, आठ बाय सात फुटांच्या स्वयंपाकघरात काकू पोळ्या लाटत होत्या. पायाखाली जेवायला बसायचा लाकडी पाट होता. "ओटा उंच पडतो हो, म्हणून पाट घेते," त्या म्हणाल्या. घरात राहायला आल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, त्या रोज पाटावर चढून पोळ्या करत होत्या.

स्वयंपाकघर नव्यानं करायचं त्यांचं बजेट होतं एक लाख वीस हजार. मनात होता नवा ग्रॅनाईटचा ओटा, ट्रॉल्या आणि चिमणी. मी टेप काढला आणि सगळ्यात आधी काकूंना मोजलं.

उंची चार फूट अकरा इंच. कोपर जमिनीपासून सदतीस इंचांवर. ओटा चौतीस इंच, त्यावर अडीच इंचांचं पोळपाट. म्हणजे लाटणं जवळजवळ कोपराच्या पातळीवर. अशा उंचीवर जोर द्यायला खांदे उचलावे लागतात. दुपारी मान भरून येते ती त्यामुळे. लाटताना पोळपाट कोपरापेक्षा पाच-सात इंच खाली हवं. मग ओटा फोडून खाली घ्यायचा का? नाही. याच ओट्यावर काम करणाऱ्या त्यांच्या सूनबाई पाच फूट चार इंच. सिंकचा तळ ओट्याच्या सात-आठ इंच खाली असतो, त्यामुळे भांडी घासायला चौतीस इंच दोघींनाही बरे. एकाच स्वयंपाकघरात घासायला उंच, चिरायला मध्यम आणि लाटायला बुटकी जागा लागते. सरसकट एका पातळीत ओढलेला ओटा कुणालाच पुरता सोयीचा नसतो.

आम्ही ओटा तसाच ठेवला. खिडकीखालच्या कोरड्या कोपऱ्यात अठ्ठावीस इंचांवर दुमडता येणारी, दोन फुटांची भक्कम फळी बसवली. सुताराचं एका दिवसाचं काम. पाट पुन्हा जेवणाच्या पंगतीत गेला.

मी वास्तुविशारद. माझं शिक्षण इथलंच, भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालयातलं. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि 1900 मध्ये हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या, माळावर झोपडी बांधून तो तिथं हलवला. त्याच संस्थेच्या आवारात 1994 पासून मुली वास्तुकला शिकतात. आधुनिक स्वयंपाकघराच्या नियोजनाचा पाया घालणाऱ्यांतही एक स्त्री वास्तुविशारद होती. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी 1926 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या स्वस्त घरांसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या डायनिंग कारमधला मुदपाकखाना पाहून, बाईची पावलं मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. एक उणीव मात्र राहिली: त्यात एकच बाई उभी राहू शके. आपल्याकडं एक जण फोडणी घालतो तेव्हा दुसरा डबा भरत असतो. म्हणून दोघांना एकमेकांमागून जाता येईल एवढी, किमान तीन फूट मोकळी वाट मी सोडतेच. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर निदान पाच चौरस मीटर आणि 1.8 मीटर रुंद हवं. काकूंची खोली याहून किंचितच मोठी होती. इतक्या जागेत इंचाइंचाला किंमत असते.

पैसे कमी असतील तेव्हा माझा क्रम ठरलेला असतो: पाणी, वीज, हवा, मग साठवण आणि सगळ्यात शेवटी शोभा. कारण सोपं आहे. ट्रॉली पुढच्या दिवाळीला बसवता येते, पण टाइल लावल्यावर भिंतीतला पाइप बदलायचा तर टाइल फोडावीच लागते. पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीतले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप बहुधा आतून गंजलेले असतात. ते काढून सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप टाकावेत. नहाणी ट्रॅपभोवती वॉटरप्रूफिंग करून चोवीस तास पाणी तुंबवून ठेवावं आणि खालच्यांच्या छताला ओल येते का ते स्वतः जाऊन बघावं. सिंक हलवायचं असेल तर खाली कुणाची झोपायची खोली येते का, हे आधी तपासावं. भिंत फोडण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. जुन्या दोन-तीन मजली इमारतींत बऱ्याचदा भिंतीच भार पेलत असतात.

विजेचंही तसंच. मिक्सर, ओव्हन, इंडक्शन, पाण्याचा फिल्टर आधी कागदावर मांडा. जड उपकरणांना सोळा अँपिअरचे पॉइंट, स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग द्या. वायरसाठी भिंतीत झिऱ्या एकदाच माराव्या लागतात. दिवा खोलीच्या मधोमध असेल तर भाजी चिरताना आपलीच सावली सुरीवर पडते. ओट्याच्या वर, कपाटाखाली एक एलईडी पट्टी लावा. काकूंच्या घरात चिमणीचं नळकांडं बाहेर काढायला सरळ वाट नव्हती, म्हणून खिडकीच्या वरच्या तावदानात एक्झॉस्ट पंखा बसवला.

साठवणीत मोठी बचत झाली ती जुन्या कडप्प्यामुळे. ओट्याखालचे कडप्प्याचे उभे आडवे खण लोक आधी फोडायला निघतात. कडप्पा पाण्यानं फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. सिंकखाली साधं प्लायवुड लावलं की दोन-तीन पावसाळ्यांत कडा सुटतात. तिथं प्लायवुड लावायचंच असेल तर बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचं घ्या. आम्ही खण राखले, फक्त तीन खणांत स्टीलच्या जाळ्या बसवल्या. त्याआधी गवंड्यानं काटकोन तपासायचा गुण्या आणि टेप लावून पाहिला, तर खण पुढं वीस इंच आणि मागं साडेएकोणीस भरला. जाळी मागच्या मापाची मागवली. पुढचं माप दिलं असतं तर ती आत गेलीच नसती.

ग्रॅनाईट राहून गेला. चिमणी राहून गेली. वरच्या कपाटांना दारं नव्हती, ती पुढच्या वर्षी बोनस आल्यावर लागली. पण राडारोडा एकदाच उचलला गेला आणि कामाचा खर्च एक लाख बारा हजारांत आटोपला. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा भिंतीत आणि फरशीखाली गेला. डोळ्यांना तो दिसत नाही, पण रोजचा स्वयंपाक त्याच्याच जिवावर चालतो.

दर दिवाळीला आपण माळ्यावरून सोऱ्या, मोठी कढई, पितळी परात, बरण्या खाली काढतो, घासतो आणि पुन्हा वर ठेवतो. यंदा वर ठेवण्याआधी वही घ्या. रोज लागतं ते, आठवड्यानं लागतं ते आणि फक्त सणाला लागतं ते, अशा तीन याद्या करा. रोजचं खांदा आणि गुडघा यांच्या मधे आलं पाहिजे. मग टेप घ्या आणि घरात जे जे कुणी स्वयंपाक करतं त्यांचं कोपर जमिनीपासून किती इंचांवर आहे ते मोजा. याद्या आणि मापं, हे दोन कागद हातात नसतील तर कुणालाही कामाचा ॲडव्हान्स देऊ नका.