थेंबांची काटकसर

मैत्रिणींनो, आपण बायका कशाकशात काटकसर करतो! तेलाची बाटली उपडी ठेवतो, साबणाचे तुकडे चिकटवून वापरतो. पण माझ्या सासूबाई चक्क डोळ्यांच्या औषधात काटकसर करीत होत्या आणि एका घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

त्यांना काचबिंदू आहे. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. अडीच मिलिलिटरची एवढीशी बाटली, पण किंमत ऐकून त्यांच्या पोटात गोळा येई. ‘दुखत तर नाहीच, एक दिवसाआड घातलं तर बिघडलं कुठं?’ असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. बहुतेकदा हा आजार दुखत नाही, हीच त्याची लबाडी! कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. तपासणीत डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला, तेव्हा कुठं त्यांनी खरं सांगितलं. मला रागही आला अन् रडूही. महिन्याचा हिशेब त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचणारी मीच ना!

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलं : लॅटानोप्रोस्ट. म्हणाल्या, ‘‘हेच दुसऱ्या कंपन्यांचं स्वस्तात मिळतं.’’ स्वस्त म्हणजे नकली तर नव्हे? माझी शंका ऐकून त्यांनी पेटंटचं समजावलं.

पेटंट म्हणजे वीस वर्षांचा मक्ता. पण ही वर्षं अर्ज केल्यापासून मोजतात, औषध दुकानात आल्यापासून नव्हे, बरं का! हे औषध झॅलाटन या नावानं अमेरिकेत १९९६ मध्ये आलं आणि तिथलं पेटंट २०११ च्या मार्चमध्येच संपलं. मग इतर कंपन्याही ते करू लागतात आणि चढाओढीनं भाव उतरतो. आपल्याकडे १९७० च्या कायद्यात औषधाला पेटंट नव्हतंच, ते करण्याच्या कृतीला होतं. लाडवावर कुणाचा हक्क नाही, फक्त तुमच्या पाकाच्या रीतीवर! खुद्द औषधावर पेटंट २००५ पासून मिळू लागलं.

मक्ता सोडवत नाही तो नाहीच. कोरड्या डोळ्यांच्या रेस्टॅसिस थेंबांची पेटंटं वाचवायला कंपनीनं २०१७ मध्ये ती अमेरिकेतल्या मोहॉक या मूळ रहिवासी जमातीच्या नावे करून टाकली! कोर्टानं त्याच वर्षी ती रद्द ठरवली, तरी तिथं स्वस्त थेंब यायला २०२२ उजाडलं.

तुमच्या घरी असे थेंब चालू असतील तर डॉक्टरांना मूळ नाव विचारा. बाटली मात्र आपल्या मनानं बदलू नका. नव्या थेंबांनी डोळे चुरचुरले किंवा लाल झाले तर लगेच सांगा, आणि दाब पुन्हा तपासून घ्या. आम्ही घेतला, तो उतरला होता.

आता न फोडलेली बाटली फ्रिजच्या दारात असते. फोडलेलीवर मी तारखेची चिठ्ठी डकवते. चार आठवड्यांनी ती टाकायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. रात्री नऊला थेंब मीच घालते. सासूबाई डोळे मिटून विचारतात, ‘‘ही केवढ्याला पडली गं?’’ मी सांगते. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा विचारतात.