नंबर लागला तेव्हा

आगाऊ पैसे भरून वाट पाहणे हा आपल्याकडे एके काळी मोठा प्रतिष्ठेचा उद्योग होता. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या माणसाला 'काय करता?' असं विचारलं तर तो नोकरी सांगायचा आणि 'काय चाललंय?' असं विचारलं तर 'स्कूटरला नंबर लावलाय' असं सांगायचा. नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षी संपायची. नंबर त्याच्याही पुढे चालायचा. बजाजची चेतक १९७२ साली बाजारात आली असं इतिहास सांगतो. पण 'बाजारात आली' हा नुसता बोलण्याचा प्रकार झाला. ती आकुर्डीच्या कारखान्यातून निघायची आणि थेट यादीत जायची. ही यादी दहा-दहा वर्षांची असे. कारखान्याने वर्षाला किती स्कूटरी काढायच्या हे दिल्लीतलं लायसन ठरवायचं, त्यामुळे गिऱ्हाईक हातात पैसे घेऊन उभं आणि कारखानदार हात बांधून उभा, असा तो मामला होता. शहाणी माणसं मुलगी पाळण्यात असतानाच नंबर लावीत. म्हणजे तिच्या लग्नापर्यंत जावयाची सोय होई.

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, १९७९ साली असाच एक नंबर लावला होता. गाडी कुठली ते सांगत नाही. आठ वर्षांच्या भिजत घोंगड्याला उगीच नाव कशाला? १९८७ साली नंबर लागला. तोवर आबांना शेतातल्या ट्रॅक्टरची इतकी सवय झाली होती, की दोन चाकांवर आपला तोल राहील असा त्यांना भरवसा वाटेना. त्यांनी गाडी शोरूमच्या दारातच एका व्यापाऱ्याला 'ऑन'ने विकली आणि त्या वरच्या पैशांतून शहाद्याच्या घरापुढे चार पायऱ्यांचा दगडी ओटा बांधला. आठ वर्षं नुसतं बसून राहिल्याबद्दल बसायला ओटा मिळाला! तेव्हापासून आबांचा एक सिद्धान्त पक्का झाला : जितका उशीर तितका ऑन.

हा सिद्धान्त नसता, तर पुढचं रामायण घडलं नसतं.

२०१७ च्या डिसेंबरात एका बिटकॉइनचा भाव वीस हजार डॉलरच्या जवळ पोचला. आमच्या नंदुरबार जिल्ह्याचा तसा आधुनिकतेशी संबंध जुना आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आमच्याच टेंभली गावात वाटलं गेलं. त्यामुळे बिटकॉइनची बातमी आमच्याकडे पोचायला वेळ लागला नाही. आमचा मेहुणा शहाद्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो एक दिवस बँकेत आला आणि काउंटरवर ओणवा होऊन म्हणाला, "दाजी, एक यंत्र आहे. ते पैसे खणतं."

"कुठे?"

"कुठेही. बसल्या जागी."

"बसल्या जागी खणलं, की माणूस खड्ड्यात बसतो," मी म्हटलं. पण काउंटरवरच्या कारकुनाचा विनोद हा पासबुकातल्या शिक्क्यासारखा असतो. उमटतो, पण कोणी वाचत नाही.

मग त्याने मला ते खणणं समजावून सांगितलं. मी बी. कॉम. आहे, त्यामुळे मला समजलं ते माझ्या पद्धतीने सांगतो. जगभरातली यंत्रं रात्रंदिवस एक गणिती कोडं सोडवत बसलेली असतात. साधारण दर दहा मिनिटांनी कोणाचं तरी कोडं सुटतं आणि त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. तेव्हा हे बक्षीस साडेबारा बिटकॉइनचं होतं. आता खरी गंमत पुढे आहे. यंत्रं वाढली म्हणून नाणी वाढत नाहीत. दोन-दोन आठवड्यांनी ते कोडंच आपोआप अवघड होतं. आमच्याकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. शिवारात बोअर वाढले म्हणून पाणी वाढतं का? पाणी तेवढंच, खोली मात्र दोनशे फुटांची चारशे होते. ज्याने आधी बोअर मारला तो भिजतो, मागून येणारा धूळ काढतो.

म्हणजे या धंद्यात सगळं महत्त्व यंत्र कधी मिळतं याला. आणि यंत्र मिळणार होतं पंचेचाळीस दिवसांनी. पैसे मात्र आजच.

"यंत्र आल्यावर पैसे दे," मी म्हटलं.

"दाजी, याला प्रीऑर्डर म्हणतात."

आमच्या बँकेत याला कर्ज म्हणतात. तुम्हाला दोन लाख हवे असले तर आम्ही दोन जामीनदार, तीन वर्षांची विवरणपत्रं आणि चार फोटो मागतो. इथे कंपनीने दोन लाख बिनव्याजी घेतले आणि जामीनदार म्हणून यंत्राचं एक रंगीत चित्र दिलं. हे दोन लाख आबांच्या मुदतठेवीतले होते, आणि ती ठेव सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी राखलेली होती. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजातला तुकडा मी माझ्या हाताने कापला. आबा म्हणाले, "दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. गुडघा काय पळून जातोय?" हे मात्र खरं होतं. तो गुडघा कुठेच पळण्याच्या स्थितीत नव्हता.

पंचेचाळीस दिवस झाले. कंपनीने कळवलं, चीनमध्ये नववर्षाची सुट्टी आहे. सुट्टी संपली, तेव्हा माल बंदरात होता. बंदरातून सुटला, तेव्हा कस्टममध्ये होता. इतका प्रवास करणारी वस्तू मी दुसरी पाहिली नाही; सारंगखेड्याच्या जत्रेला येणारे घोडेसुद्धा याहून कमी मुक्काम करत येतात. फोन लावला की आधी पाच मिनिटं बासरी वाजायची आणि मग एक मुलगी गोड आवाजात सांगायची, "सर, तुमची ऑर्डर प्रोसेसमध्ये आहे." मेहुण्याने वैतागून "मग पैसे परत करा" असं लिहून पाठवलं, तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "सर, तुमचा रिफंड प्रोसेसमध्ये आहे." प्रोसेस म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. जिथे गेलेली वस्तू दिसत नाही पण आहे असं मानावं लागतं, अशी ती जागा. आपल्याकडे तिला पूर्वी वैकुंठ म्हणत.

६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं, की बँकांनी या आभासी चलनांच्या व्यवहारांना सेवा देऊ नये. कंपनीला हर्ष झाला. तिने लगेच कळवलं, की रिझर्व्ह बँकेमुळे रिफंड देता येत नाही. ते परिपत्रक मी तीनदा वाचलं. माझी नोकरीच ती आहे. गिऱ्हाइकाने रुपयांत दिलेले यंत्राचे पैसे रुपयांत परत करू नयेत, असं त्यात एका ओळीतही नव्हतं. पुढे ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रकच रद्द केलं, पण तोवर त्याच्यामागे किती जण लपून बसले असतील कोण जाणे!

मग वकील गाठला. ग्राहक मंचात जाऊ म्हटलं. वकिलाने चष्मा पुसला आणि विचारलं, "यंत्र कशासाठी घेतलं?" मेहुणा उत्साहाने म्हणाला, "धंद्यासाठी!" वकिलाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. १९८६ च्या कायद्यात नफ्याच्या धंद्यासाठी वस्तू घेणारा हा ग्राहकच नव्हे. स्वतःच्या पोटापाण्याच्या उद्योगासाठी घेतली असेल तर आहे, पण ते सिद्ध करायला हवं. म्हणजे पैसे देताना ग्राहक, मागताना व्यापारी! मेहुणा गप्प झाला. आबा मात्र शांत होते. ओट्यावर बसून ते म्हणायचे, "अरे, नंबर लागायला वेळ लागतोच. उशीर होतोय ना? मग ऑन चांगला येईल."

हीच आबांची गफलत होती, आणि ती त्यांच्या एकट्याची नव्हती. स्कूटर यादीत असताना म्हातारी होत नसे; उलट तुटवड्यामुळे तिचा भाव चढे. हे यंत्र खोक्यात असतानाच म्हातारं होत होतं. २०१७ च्या डिसेंबरापासून २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत ते कोडं जवळजवळ चौपट अवघड झालं. मी एका रविवारी कागद घेऊन बसलो. वेळेवर आलं असतं तर सुरुवातीला त्या यंत्राने दिवसाला बऱ्यापैकी रुपये काढले असते. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिशेब दीडशेच्या आसपास आला. आणि वीज? साडेतेराशे वॅटचं धूड, चोवीस तास, म्हणजे बत्तीस युनिट. अडीचशे रुपये नुसते विजेचे. दिवसाला शंभर रुपये तोटा काढणारं यंत्र मिळावं म्हणून आम्ही अकरा महिने फोनवर बासरी ऐकत होतो. त्याच महिन्यात, चीनमध्ये असली जुनी यंत्रं किलोवर विकताहेत अशा बातम्या आल्या. आमच्या मिरची बाजारात निदान माल पाहून किलो ठरवतात.

हे दुखणं एकट्या शहाद्याचं होतं असं समजू नका. अमेरिकेत कॅन्सस राज्यात बटरफ्लाय लॅब्स नावाची कंपनी होती. तिने असल्याच यंत्रांचे पैसे आगाऊ घेतले. दीडशे डॉलरपासून जवळजवळ तीस हजार डॉलरपर्यंत. सप्टेंबर २०१३ पर्यंत वीस हजारांहून जास्त गिऱ्हाइकांना माल पोचला नव्हता. वर्षभराने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कोर्टात जाऊन ती बंद पाडली. कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे, कंपनीच्याच माणसाने कबूल केलं होतं, की काही यंत्रं आता खोली गरम करण्याच्या हीटरइतकीच उपयोगी राहिली आहेत. कॅलिफोर्नियातल्या हॅशफास्टची तऱ्हा आणखी निराळी. तिथे लोकांनी २०१३ साली यंत्राचे पैसे बिटकॉइनमध्ये भरले. यंत्र वेळेवर आलं नाही. तोवर बिटकॉइनच कितीतरी पट महाग झाला. लोक म्हणाले, आमची नाणी द्या. कंपनी म्हणाली, तेव्हाच्या भावाने डॉलर घ्या. म्हणजे ज्यांनी यंत्र न घेता नाणी नुसती उशाखाली ठेवली, ते सगळ्यांत सुखी!

आणि आपल्याकडे? आपण यंत्राची भानगडच ठेवली नाही. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत यंत्र दुसरीकडेच आहे असं सांगत आणि दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असा परतावा कबूल करत. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच नाणं लोकांच्या हातावर ठेवलं. २०१८ साली पुणे पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं. तो २०२२ साली वारला. त्याच वर्षी तपासात मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांना पोलिसांनी अटक केली. आरोप असा, की जप्तीतली नाणी त्यांनीच वळवली. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने या प्रकरणी देशभर साठ ठिकाणी झडत्या घेतल्या. तपास प्रोसेसमध्ये आहे.

आमचं यंत्र मात्र आलं. दिवाळी झाल्यावर आलं, आणि ते आलं म्हणून रिफंडचा अर्ज रद्द झाला. ओसरीत ते सुरू केलं तेव्हा शेजारचे लोक पिठाची गिरणी घातली म्हणून दळण घेऊन आले. पुढच्या बाजूने असा गरम झोत, की अमेरिकेतला तो माणूस खरं बोलला होता याची खात्री पटली. फक्त थंडीच्या मुलखात हीटरला किंमत असते. मे महिन्यात जिथे पारा चव्वेचाळीसवर जातो तिथे त्याचं काय करायचं? सासूबाईंनी उपयोग शोधला. आभाळ आलं होतं, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या भिजतील म्हणून त्यांनी सुपं उचलून त्या झोतापुढे मांडली. मिरच्या कडकडीत वाळल्या. अर्धी गल्ली दोन दिवस शिंकत होती. मिरचीच्या किमतीहून वीज जास्त जळली, पण त्या यंत्राने आयुष्यात काढलेलं खरं उत्पन्न तेवढंच.

गुडघ्याचं ऑपरेशन पुढे दोन वर्षांनी, पपईला बरा भाव आला तेव्हा झालं. ती दोन वर्षं सासूबाई ओट्याच्या चार पायऱ्या आडव्या होऊन, भिंतीला हात लावत, एक-एक उतरायच्या. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. आबा मात्र त्यानंतर कधी ऑनबद्दल बोलले नाहीत.

आता बँकेत कोणी आगाऊ रकमेचा फॉर्म घेऊन आलं, की मी सही जुळवून पाहतो, रक्कम अक्षरी-अंकी तपासतो आणि एक प्रश्न विचारतो. तो फॉर्मवर छापलेला नाही, आणि शाखाधिकाऱ्यांना तो आवडतही नाही.

"काय मागवताय? लोणचं की पपई?"

लोक माझ्याकडे पाहत राहतात. लोणचं मुरलं तर चढतं. पपईवाल्याला पंचेचाळीस दिवसांनी देठ मिळतो.