गाण्याची भाषा कोणत्या रकान्यात?

मातृभाषेचा रकाना चुकीचा भरला गेला, तर पुढचे सारे हिशेब कसे बिघडतात, हे सीमाभागातील आम्हा मराठी भाषकांना नव्याने सांगावे लागत नाही. आता तोच प्रकार आमच्या गाण्यांच्या वाट्याला आला आहे.

आम्ही दोन-तीन संगीतसेवांवर गाणी ऐकतो आणि त्या सर्वांची नोंद एका ठिकाणी जमा करतो. वर्षअखेरीस ही खतावणी पाहिली, तेव्हा एकटे भीमसेन जोशी चार गायक होऊन समोर आले : एक नुसते भीमसेन, एक ‘पंडित’, एक ‘पं.’ जोडलेले आणि एक देवनागरीतले. गीतरामायणातील एकच गीत एका सेवेवर सुधीर फडक्यांच्या, तर दुसरीवर गदिमांच्या नावावर होते. यंत्र अक्षरे ताडून पाहते. माणूस ओळखत नाही.

दोष केवळ हलगर्जीचा नाही, मूळ घडणीचाही आहे. ध्वनिफाइलीला माहिती जोडण्याच्या आयडी-थ्री या पद्धतीची पहिली आवृत्ती अवघ्या १२८ बाइटांची होती. गीताच्या, कलावंताच्या आणि संग्रहाच्या नावाला प्रत्येकी ३० बाइट. भाषेला रकानाच नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत तो आला, पण भरण्याची सक्ती नव्हती. ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणाऱ्या आयएसआरसी या बारा चिन्हांच्या संकेतांकातही भाषेला जागा नाही. म्हणून आमच्या खतावणीत अभंग आणि हिंदी भजन ‘भक्तिसंगीत’ या एकाच गोणीत पडले. रोमन लिपीत तर ‘ळ’ आणि ‘ल’ यांना बहुधा एकच अक्षर. त्यामुळे ‘काळ’ आणि ‘काल’ यंत्राला सारखेच.

ही केवळ हौशी श्रोत्याची तक्रार नव्हे. पुढचे गाणे कोणते सुचवायचे, हे यंत्र बऱ्याच अंशी अशाच नोंदींवरून ठरवते. इंदूर किंवा बडोद्यातील ज्या मुलाच्या कानावर मराठी फक्त घरातच पडते, त्याच्यापुढे मराठी गाणे यायचे की नाही, हा प्रश्न त्या रिकाम्या रकान्याशी बांधलेला आहे.

मात्र मराठीच्या पदरात जास्तीचे माप पडावे, असे आमचे म्हणणे नाही. भीमसेनांनी संतवाणी मराठीत गायिली, दासवाणी कन्नडमध्ये. ती दासवाणी मराठीच्या खात्यावर चढली, तर तीही खोटीच नोंद ठरेल. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. पुढे देवासला स्थायिक झाले. मराठी नाट्यपदेही गायिले आणि कबीराची निर्गुणी भजनेही. गायकाच्या गावावरून वा आडनावावरून गाण्याची भाषा ठरत नाही. ती गाण्यागणिक लिहावी लागते.

हे काम आपल्या आवाक्यातले आहे. म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीतकोशात खाते उघडून कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. मूळ लिपीतील नाव, त्याची पर्यायी रूपे आणि शब्दांची भाषा या तिन्ही गोष्टींना तेथे स्वतंत्र जागा आहे. निवेदने आणि मोर्चे आपल्याला नवे नाहीत. त्यांच्या जोडीला आता प्रत्येकाने आपल्या ओळखीची दहा गाणी घ्यावीत आणि त्यांचे रकाने खरे भरावेत. आपली भाषा इतरांनी अचूक नोंदवावी, असा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतःच्या गाण्यांची नोंद तरी परक्यांवर सोडू नये.