रिंगणाबाहेर

सायवनकडे भात निघाला की रात्री तारपा घुमतो. भोपळ्याचं आणि बांबूचं वाद्य. वाजवणारा मधे, कमरेत हात गुंफलेले नाचणारे भोवती. डहाणूच्याच जिव्या सोमा मशे यांनी हे रिंगण चितारून जगाला दाखवलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परवा मी कडेला उभा होतो. वय ४७, दाढीला मेंदी. आपल्यालाही कुणी असं धरावं असं वाटलं, आणि नजर खाली गेली. वर्गात गझल शिकवताना इश्कवर तासभर बोलतो. इथं तोंड शिवलेलं.

तेवढ्यात माझ्या अब्बांच्या वयाचे एक आजोबा रिंगणात शिरले. पोरांनी जागा केली. गुडघा अडत होता, ठेका चुकत नव्हता.

परतताना लाज वाटली. इच्छेची नव्हे, ती उमरेआड लपवल्याची.